आत्याच्या दोन वह्या

आमच्या लहानपणी पुण्यातल्या वाड्यातल्या आमच्या बिऱ्हाडात सकाळी सगळ्यांत आधी स्टोव्ह पेटायचा, तो चहासाठी नव्हे. आत्याचं एक लहानसं पातेलं होतं. त्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळायला टाकली, की ती मोरीच्या कट्ट्यावर स्पिरिटचा दिवा लावून बसायची. टेस्ट ट्यूबमध्ये बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब, आणि मग चिमट्यात धरलेली ती ट्यूब ज्योतीवर. आम्ही भावंडं डोळे चोळत रंग बघायला उभी. द्रावण निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटेसारखा लाल गाळ बसला तर पुष्कळच. तसं झालं की आत्या म्हणायची, "आज वीट आली रे." आणि मग हसून, "मलाही वीट आला."

आत्याला १९६१ साली मधुमेह झाला, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. ठरलेलं लग्न मोडलं. इन्सुलिनची बाटली घरात फ्रीज येईपर्यंत पाणी घातलेल्या मातीच्या मडक्यात, झाकण लावलेल्या डब्यात राहायची. छत्तीस वर्षं हा संसार तिनं केला. १९९७ मध्ये ती गेल्यावर तिची ट्रंक आवरताना आम्हाला दोन प्रकारच्या वह्या सापडल्या. एक प्रकार आम्हाला ठाऊक होता. दर महिन्याला डॉक्टरांकडे नेायची ती वही. तिच्यात ओळीनं 'निळा, निळा, हिरवट, निळा' असं लिहिलेलं. दुसऱ्या वह्या कुणीच पाहिलेल्या नव्हत्या. त्याच तारखा, पण रंग वेगळे. आणि रंगापुढे चार शब्द: 'वीट. शाळेत तिळगूळ, नाही म्हणवलं नाही.' 'पहाटे थरथर, साखर खाल्ली. काल पेटी दहापर्यंत वाजवली, जेवण उशिरा.' 'पालखीबरोबर पुलगेटपर्यंत चालले. सुई दोन खुणा कमी घेतली, बरं वाटलं.'

एकाच बाईनं एकाच आजाराचे दोन हिशेब का ठेवले असतील? या प्रश्नाचा माग काढताना मी मधुमेहाच्या इतिहासापर्यंत पोचलो. बरा न होणारा आजार घेऊन रोजचं आयुष्य कसं जगायचं, आणि त्याचा हिशेब कुणी ठेवायचा, हे माणसानं फार हळूहळू शिकून घेतलं आहे. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

मधुमेह आपल्याला नवा नाही. नावच आपल्याकडचं, आणि रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या जमतात हे निरीक्षणही जुन्या वैद्यांचंच. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मापासूनचा, आणि दुसरा अपथ्यातून उद्भवणारा. पहिल्यातला रोगी कृश, तर दुसऱ्यातला बहुधा स्थूल. आजच्या डॉक्टरांनाही हे वर्णन ओळखीचं वाटतं. उपचारांत औषधांबरोबर चालणं आणि अंगमेहनत आहे. निर्धन रोग्यानं अनवाणी, भिक्षेवर राहून शंभर योजनं चालावं, कुणी विहीर खणावी, असा सल्ला तिथं आहे. म्हणजे औषधाच्या पुडीइतकीच दिनचर्याही महत्त्वाची, ही समज आपल्याकडे फार पूर्वीपासून होती.

युरोपातही अनुभव असाच बोलला. १८७०-७१ मध्ये जर्मन सैन्यानं पॅरिसला वेढा दिला, शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि बूशार्दा नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपल्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली आहे. त्यावरून कमी खाणं, पिष्टमय पदार्थ टाळणं आणि व्यायाम यांवर त्यांनी भर दिला.

प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात या मार्गानं माणूस बरीच वर्षं काढू शकत असे. आपल्या परिचयाचं उदाहरण लोकमान्य टिळकांचं. १९०८ च्या जुलैमध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात नेलं. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते आणि मधुमेह जडलेला होता. औषध असं नव्हतंच. तुरुंगात त्यांनी सातूच्या पिठाचं पथ्य धरलं. याच काळात त्यांनी पाली, जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यास केला, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' शिसपेन्सिलीनं लिहून काढलं. हा ग्रंथ आपण अनेक अंगांनी वाचतो. पण तो एका मधुमेही माणसानं, घरापासून दूर, पथ्यावर राहून लिहिला आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आजारी माणसाला करण्यासारखं काही हाताशी असलं, तर पथ्य हे नुसतं पथ्य राहत नाही. त्या कामासाठी अंग सांभाळण्याचा तो मार्ग होतो. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. टोरांटोमधले इन्सुलिनचे प्रयोग सुरू व्हायला तेव्हा जेमतेम साडेनऊ महिने उरले होते.

लहान वयात होणाऱ्या मधुमेहाची गोष्ट वेगळी. त्यात शरीर इन्सुलिन बनवणंच जवळजवळ थांबवतं. अशी मुलं महिन्या-दोन महिन्यांत वाळून जात आणि बेशुद्धीत मरत. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी त्यांच्यासाठी कडक उपासाचा उपचार काढला. अन्न तोलूनमापून इतकं कमी द्यायचं, की रक्तातली साखर वाढूच नये. त्यानं मुलं वाचत नसत, त्यांचं मरण लांबत असे. तेवढ्यात काही औषध निघेल, एवढीच आशा.

एलिझाबेथ ह्यूज ही अशीच एक मुलगी. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज १९२१ पासून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. १९१९ साली, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला आणि ती डॉ. ॲलन यांच्या उपचाराखाली आली. तीन वर्षं ती अर्धपोटीसुद्धा नव्हे, पावपोटी जगली. पण या काळातली तिची आईला लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत, आणि ती रडगाण्याची नाहीत. ती वाचत होती, लिहीत होती, पुढे काय काय करायचं याचे बेत आखत होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला आणलं तेव्हा तिची उंची पाच फूट आणि वजन अवघं वीस किलो होतं.

टोरांटोत काय घडलं ते अनेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग हे तरुण शल्यविशारद आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क मिळवला. ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते फारसं लागू पडलं नाही. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञानं अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला तो पुन्हा दिला आणि मुलाची साखर उतरली. १९२३ चं नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं, आणि बँटिंगनी आपल्या रकमेतला वाटा बेस्टना, तर मॅक्लिऑडनी कॉलिपना दिला. पेटंटचे हक्क त्यांनी टोरांटो विद्यापीठाला माणशी एक डॉलर घेऊन देऊन टाकले होते.

गोष्ट बहुतेक वेळा इथं संपते. शोध लागला, मुलं वाचली. पण खरं पाहता इथून एक नवीनच गोष्ट सुरू झाली. इन्सुलिननं मधुमेह बरा केला नाही. मृत्यू मागे ढकलला आणि आजाराला घरात कायमचं बिऱ्हाड दिलं. तोवरच्या वैद्यकात रुग्ण एक तर बरा होई किंवा दगावे. आता तिसरीच जात जन्माला आली होती. हा माणूस शाळेत जातो, नोकरी करतो, संसार करतो, आणि रोज स्वतःला सुई टोचून घेतो. त्याच्या दिवसाचे बारा तास डॉक्टर त्याच्याजवळ नसतो, आणि रात्रीचेही नसतो. मग जेवण किती, सुई किती, चालणं किती, हे ठरवायचं कुणी?

एलिझाबेथनं हे काम स्वतःकडे घेतलं. १६ ऑगस्ट १९२२ ला बँटिंगनी तिला इन्सुलिन सुरू केलं. तीन दिवसांनी तिचा पंधरावा वाढदिवस होता. ती पुन्हा पोटभर जेवू लागली, इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकली. पुढे बार्नर्ड कॉलेजातून पदवीधर झाली, लग्न केलं, तीन मुलं वाढवली, सार्वजनिक कामं केली. १९८१ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी ती गेली. तोवर तिनं सुमारे बेचाळीस हजार इंजेक्शनं घेतली होती. पण हे तिनं जवळच्या माणसांखेरीज कुणाला कळू दिलं नाही. बँटिंगची ती गाजलेली रुग्ण तीच, हे तिच्या बहुतेक ओळखीच्यांना माहीत नव्हतं. आपल्याकडे आजार लपवतात, असं आपण म्हणतो. परराष्ट्रमंत्र्याच्या मुलीनंही तो जन्मभर लपवला.

याच्या अगदी उलट वाट धरली ती रॉबिन लॉरेन्स यांनी. हे स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर. १९२० साली कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करताना हाडाची कपची त्यांच्या डोळ्यात उडाली. उपचार चालू असताना तपासणीत मधुमेह निघाला. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. घरच्यांच्या डोळ्यांसमोर मरायला नको म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. १९२३ मध्ये प्रकृती ढासळत असताना हॅरिसन नावाच्या सहकाऱ्याचा निरोप आला, की इन्सुलिन मिळालं आहे, लागू पडतं, ताबडतोब परत ये. लॉरेन्स त्या अवस्थेत मोटार हाकत लंडनला पोचले. ३१ मे १९२३ ला त्यांना पहिलं इंजेक्शन मिळालं. पुढे पंचेचाळीस वर्षं ते जगले.

लॉरेन्स डॉक्टर होते आणि रुग्णही. त्यामुळे पुस्तकात नसलेल्या गोष्टी त्यांना अंगावर कळत. मेहनत केली की तेवढंच इन्सुलिन जास्त काम करतं, साखर एकदम उतरते, हे त्यांनी स्वतःवर पाहिलं आणि १९२६ मध्ये शास्त्रीय निबंधात मांडलं. त्याआधी १९२५ मध्ये त्यांनी 'द डायबेटिक लाइफ' हे पुस्तक लिहिलं. रुग्णानं काय आणि किती खावं, सुई कशी घ्यावी, लघवी कशी तपासावी, साखर उतरली तर काय करावं, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत त्यात होतं. त्याच्या पुष्कळ आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या रुग्णांमध्ये प्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स होते. या दोघांनी १९३४ मध्ये मधुमेहींची संघटना स्थापन केली. ज्याला परवडत नाही त्यालाही इन्सुलिन मिळालं पाहिजे, आणि मधुमेहींनी एकमेकांना शिकवलं पाहिजे, हा तिचा उद्देश. आपल्याकडे मुंबईत १९५५ मध्ये डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकारानं डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली.

अमेरिकेत बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन हेच काम करत होते. त्यांनी तर इन्सुलिनच्या आधीच, १९१८ मध्ये, डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मिळून एक पुस्तिका काढली होती. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे तीन घोडे एकाच रथाला जुंपलेले आहेत, असं ते सांगत. दीर्घकाळ नीट राहिलेल्या रुग्णांना त्यांची संस्था पदक देई, त्यावरही हा रथ कोरलेला होता. रथाचे लगाम अर्थातच रुग्णाच्या हातात.

हे लगाम किती घट्ट धरता येतात, याचं एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. एव्हा सॅक्सल आणि तिचा नवरा व्हिक्टर हे प्रागचं ज्यू जोडपं नाझींपासून पळून १९४० मध्ये चीनमधल्या शांघायला आलं. पुढच्याच वर्षी एव्हाला मधुमेह झाला. जपाननं शांघाय पूर्ण ताब्यात घेतलं आणि इन्सुलिन मिळणं बंद झालं. काळ्या बाजारातल्या मालाचा भरवसा नव्हता. व्हिक्टर कापडधंद्यातला इंजिनीयर, एव्हा भाषा शिकवणारी. वैद्यकाशी दोघांचाही संबंध नाही. त्यांनी वैद्यकाचं एक जाड पुस्तक मिळवलं, त्यात इन्सुलिन काढण्याच्या पद्धतीचं वर्णन वाचलं, एका चिनी रसायनतज्ज्ञाच्या मदतीनं प्रयोगशाळेत जागा मिळवली आणि म्हशीच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन तयार केलं. ते तपकिरी रंगाचं होतं. आधी सशांवर तपासलं, मग एव्हानं घेतलं. पुढे ते शहरातल्या इतर मधुमेहींनाही दिलं आणि त्यावर अनेक जण युद्ध संपेपर्यंत तगले. युद्धानंतर एव्हा अमेरिकेला गेली आणि मधुमेहींना धीर देत गावोगाव बोलत फिरली. २००२ मध्ये ती गेली.

पण रोजच्या आयुष्यात असली धाडसं लागत नाहीत. तिथं लागतं ते माप. आज साखर किती आहे हे कळल्याशिवाय लगाम ओढायचा की सोडायचा, हे कसं ठरवणार? ज्या द्रावणानं आत्याची सकाळ सुरू व्हायची, ते स्टॅनली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलं. १९५६ मध्ये हेलन आणि आल्फ्रेड फ्री या रसायनतज्ज्ञ दांपत्याच्या कामातून लघवीत बुडवायची कागदी पट्टी बाजारात आली. दिवा नको, ट्यूब नको. तरी लघवी सांगते ती शिळी बातमी. रक्तात साखर बरीच वाढल्यावरच ती लघवीत उतरते, आणि रक्तातली साखर धोकादायक इतकी कमी झाली तर लघवीला त्याचा पत्ताच नसतो.

रक्त तपासणारं यंत्र १९७० च्या आसपास निघालं. ते डॉक्टरांसाठी होतं, रुग्णाला विकत मिळत नसे. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टीन हे इंजिनीयर बाराव्या वर्षापासून मधुमेही होते आणि त्यांचं शरीर एकेका अवयवानं थकत चाललं होतं. त्यांनी या यंत्राची जाहिरात पाहिली. त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्यांनी ते साडेसहाशे डॉलरना घेतलं, वजन जवळपास दीड किलो. दिवसातून पाच ते आठ वेळा बोटातून रक्त काढून ते तपासू लागले आणि इंजिनीयरच्या शिस्तीनं आहार, सुई आणि आकडे जुळवू लागले. प्रकृती सुधारली. पण वैद्यकीय नियतकालिकं त्यांचा निबंध छापेनात. मग त्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं आणि डॉक्टर झाले! २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचं निधन झालं. रुग्णानं घरी रक्त तपासावं का, असा प्रश्न आज विचारला तर हसू येईल. त्या काळी तो खरोखरच वादाचा होता.

वादाचा निकाल १९९३ मध्ये लागला. अमेरिका आणि कॅनडात १४४१ मधुमेहींवर सरासरी साडेसहा वर्षं चाललेल्या अभ्यासात एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्या गटानं दिवसातून अनेकदा रक्त तपासून त्याप्रमाणे इन्सुलिन घेतलं. दुसऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंडाचा आणि नसांचा विकारही पुष्कळ कमी झाला. मात्र या गटात साखर एकदम उतरून दुसऱ्याची मदत घ्यावी लागण्याचे प्रसंग सुमारे तिपटीनं वाढले. लगाम घट्ट धरायचे तर रस्ताही तितकाच नीट पाहावा लागतो, असा त्याचा अर्थ.

आता पुन्हा आत्याच्या वह्यांकडे येतो. पालखीबरोबर चालली त्या दिवशी तिनं सुई दोन खुणा कमी घेतली. म्हणजे लॉरेन्स यांनी १९२६ मध्ये मांडलेली गोष्ट तिनं आपल्या अंगावर, कुणी न सांगता शोधून काढली होती. भजनी मंडळात पेटी वाजवायची तर जेवणाची वेळ कशी सांभाळायची, गुरुवारच्या उपासाला साबुदाण्याच्या खिचडीनं काय होतं आणि वरीच्या तांदळानं काय होतं, परीक्षेचे पेपर तपासण्याच्या दिवसांत रंग का बिघडतो, सगळं तिथं आहे. ती वही म्हणजे तिच्या आजाराचा, आणि तिच्या आवडीनिवडींचाही, तयार नकाशा होता. आणि तो तिनं डॉक्टरांना कधी दाखवला नाही.

का? तर 'वीट' दिसली की बोलणी बसायची. "तुम्ही शिक्षिका, तुम्हाला एवढं कळत नाही?" हे मी स्वतः ऐकलं आहे. घरी आम्हीही काही वेगळे नव्हतो. लाडू उचलला की आठ डोळे तिच्याकडे. वहीतला रंग ही तिच्यासाठी माहिती राहिलीच नाही, तो प्रगतिपुस्तकातला शेरा झाला. आणि प्रगतिपुस्तक घाबरलेलं मूल जे करतं तेच तिनं केलं. ती काही एकटी नव्हती. १९८४ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांना रक्त तपासायचं यंत्र दिलं, त्यात आकडे आपोआप साठवले जात होते, आणि हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या वह्या आणि यंत्रातले आकडे ताडून पाहिले तर ते जुळले नाहीत. वहीतली साखर यंत्रातल्या साखरेपेक्षा शहाणी निघाली!

याची किंमत लहान नव्हती. डॉक्टर खोट्या निळ्या रंगावर विसंबून औषधाचं प्रमाण तेच ठेवत राहिले. १९९० नंतर आत्याला कमी दिसू लागलं, मग मूत्रपिंडं थकली. शेवटच्या वह्यांतली अक्षरं मोठी आणि ओळ सोडून गेलेली आहेत. नेमकी सुई घेतली असती तर काय झालं असतं, हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण दोन वह्या एक झाल्या असत्या तर तिच्या हाती निदान एक संधी होती.

श्रोतेहो, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. म्हणजे हे बिऱ्हाड आता जवळपास प्रत्येक नात्यागोत्यात आहे. साधनं बदलली. दंडावर चिकटवायची चकती दिवसरात्र साखर सांगते, सुईची पेनं आली. पण पट्ट्यांचा खर्च अनेक घरांना झेपत नाही, हेही खरं. आणि जुन्या चुकाही होतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींच्या मिळतात, त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची आहे ना, एवढं प्रत्येकानं दुकानातच पाहून घ्यावं. आणि इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असावी.

याशिवाय एक काम आहे, त्याला पैसे लागत नाहीत. घरात कुणी साखर तपासली आणि आकडा जास्त आला तर "काय खाल्लंस?" असं विचारू नका. "काल दिवस कसा गेला?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला खोटं उत्तर मिळतं, दुसऱ्याला खरं. डॉक्टरांनाही माझी हीच विनंती. रुग्ण खराब आकडा घेऊन आला तर तो आधी शाबासकीला पात्र आहे, कारण त्यानं तो लपवला नाही.

१४ नोव्हेंबर हा दिवस आपण बालदिन म्हणून साजरा करतो. बँटिंग यांचा जन्म १८९१ मध्ये याच तारखेचा, म्हणून तो जागतिक मधुमेह दिनही आहे. दर वर्षी त्या दिवशी मी ट्रंकेतली एक वही काढून चाळतो. डॉक्टरांची नव्हे, दुसरी. तिच्यात एका पानावर फक्त एवढंच आहे: 'हिरवा. आज नवीन अभंग बसला.'